राजवाडा, नियम आणि प्रेम : ऐतिहासिक आशियाई मालिकांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी कोरिया, चीन, जपान आणि थायलंडच्या ऐतिहासिक प्रेममालिकांविषयी आलेले प्रश्न घेतले आहेत. काही उत्तरांत कथेचा शेवट सांगणं भाग होतं. तिथे सुरुवातीलाच तसं लिहिलं आहे, ज्यांना शेवट राखून ठेवायचा असेल त्यांनी ते उत्तर सोडून पुढे जावं.

प्रश्न : या प्रकारातलं आजवर काहीच पाहिलेलं नाही. मैत्रीण ७६ भागांची चिनी मालिका बघ म्हणते, भाची म्हणते आधी कोरियन बघ. कोणाचं ऐकू?

पहिल्या खेपेला भाचीचं ऐका. कोरियन ऐतिहासिक मालिका (तिकडे तिला सागुक म्हणतात) बहुधा १६ ते २० भागांत आटोपते आणि एकेक भाग तासाभराचा किंवा किंचित मोठा असतो. म्हणजे वीसेक तासांत गोष्ट पूर्ण होते. तुमच्या मैत्रिणीच्या मनात २०११ची 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' असणार. ७६ भाग, प्रत्येक पाऊण तासाचा, एकूण ५७ तास. मालिका अव्वल आहे, पण सुरुवातीच्या भागांतच राण्या, उपराण्या, त्यांच्या दासी आणि खोजे यांची एवढी गर्दी उसळते की नवख्या प्रेक्षकाला कोण कोणाच्या गटातलं हेच उमगत नाही. दुसरी किंवा तिसरी मालिका म्हणून ती घ्या.

सुरुवातीला आम्ही 'द रेड स्लीव्ह' (२०२१, १७ भाग) सुचवू. हलकंफुलकं काही हवं असेल तर 'सुंगक्युनक्वान स्कँडल' (२०१०, २० भाग). त्यात कोरियातल्या जुन्या जोसॉन राज्याच्या सर्वोच्च विद्यापीठात मुलगा बनून शिकणारी एक मुलगी आहे. राजवाड्यापेक्षा घरसंसाराचं राजकारण आवडत असेल तर चीनच्या सुंग राजवटीतली 'द स्टोरी ऑफ मिंगलान' आहे, ७३ भागांची, सावकाश मुरणारी. जपानी 'ताइगा' म्हणजे ऐतिहासिक मालिका तिथली सार्वजनिक वाहिनी एनएचके १९६३पासून दाखवते, दर रविवारी, जवळपास वर्षभर. त्यांत प्रेमकथा मध्यभागी क्वचित असते. २०२४ची 'हिकारू किमी ए' हा त्याला सुखद अपवाद. 'गेंजी' या जुन्या जपानी कादंबरीची लेखिका मुरासाकी शिकिबू आणि सत्ताधीश फुजिवारा नो मिचिनागा यांच्या नात्यावर ती ४८ भागांची मालिका उभी आहे.

मालिका पुढे बघायची की सोडायची हे ठरवायला आमची एक कसोटी आहे. कोरियन मालिकेचे चार भाग बघा, चिनीचे आठ. मग स्वतःला विचारा : या दोघांच्या मध्ये नेमका कोणता नियम उभा आहे, तो पाळायला लावणारं कोण आहे, आणि मोडला तर शिक्षा काय? तिन्ही उत्तरं स्पष्ट देता आली तर मालिका सहसा दगा देत नाही. मध्ये फक्त गैरसमज असेल, म्हणजे एकमेकांशी पाच मिनिटं धड बोलले असते तर गोष्टच संपली असती, तर खुशाल सोडून द्या. पोशाख कितीही देखणे असोत, पंधराव्या भागापर्यंत तेच चाललेलं असेल.

प्रश्न : 'द रेड स्लीव्ह'मधली दासी साक्षात राजाला नकार देते. त्या काळात हे शक्य तरी होतं का? की आजच्या प्रेक्षकासाठी घातलेला मसाला?

(या उत्तरात शेवट येतो.) मसाला मुळीच नाही. मालिकेतला सर्वांत अविश्वसनीय वाटणारा भागच खरा आहे, आणि तो खुद्द राजाने लिहून ठेवला आहे.

जोसॉन राज्यातली राजवाड्यातली दासी कायद्याने राजाचीच मानली जाई. तिला लग्न करता येत नसे. बाहेरच्या पुरुषाशी संबंध उघड झाला तर दोघांनाही कठोर शिक्षा. राजाची मर्जी झाली तर ती उपपत्नी व्हायची, नाही तर कामातच म्हातारी व्हायची. अशा व्यवस्थेत जोंगजो, तेव्हाचा युवराज, १७६६मध्ये सॉंग नावाच्या दासीला मागणी घालतो. ती रडून नकार देते. कारण सांगते की युवराज्ञीला अजून मूल झालेलं नाही, त्याआधी मी हे स्वीकारू शकत नाही. युवराज मान्य करतो. पंधरा वर्षांनी, राजा झाल्यावर, पुन्हा विचारतो. पुन्हा नकार. या वेळी तो तिच्या नोकरांना शिक्षा करतो आणि मग ती होकार देते. तिच्या मृत्यूनंतर जोंगजोने तिच्या समाधीसाठी जो लेख लिहिला त्यात हे सगळं आहे, नोकरांना केलेल्या शिक्षेसकट. १७८२मध्ये मुलगा झाला, तो १७८६मध्ये गोवराने गेला, आणि त्याच वर्षी पोटात दुसरं मूल असताना तीही गेली.

आता मालिकेने काय केलं ते पाहा. समाधीलेखात राजाची बाजू आहे. तिला काय वाटलं याची एक ओळही कुठे नाही. लेखकांनी ती रिकामी जागा भरली : ही बाई राजावर प्रेम करत असेलही, पण राजवाड्यातल्या एका दालनात वाट बघत बसणारी उपपत्नी व्हायचं म्हणजे स्वतःचं छोटंसं स्वातंत्र्य गमवायचं, हे तिला कळतं. दासी असताना तिच्याकडे काम आहे, मैत्रिणी आहेत, हस्ताक्षराबद्दल मान आहे. मालिकेत दासी मिळून एका कादंबरीची नक्कल करताना दिसतात. तेही हवेतून आलेलं नाही. १७७३मध्ये राजकन्या आणि दासींनी एक दहा खंडी कादंबरी हाताने उतरवून काढली होती, आणि नक्कल करणाऱ्यांत ही सॉंगही होती. 'मी माझं आयुष्य निवडलं असतं तर' या तिच्या प्रश्नाला वजन येतं ते अशा तपशिलांमुळे. शेवटच्या दोन भागांत राजाचं दुःख जेवढं मोठं दाखवलंय तेवढीच तिची खंतही दाखवली, हे या मालिकेचं खरं कर्तृत्व.

प्रश्न : 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस'मधली नायिका 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस'मध्ये चक्क खलनायिका आहे! आणि तिथली खलनायिका इथे नायिका. दोन्ही चिएनलुंग सम्राटाच्याच गोष्टी. खरं कोणाचं?

दोन्ही मालिका २०१८च्या उन्हाळ्यात पाठोपाठ आल्या, एक ७० भागांची, दुसरी ८७. त्यामुळे हा गोंधळ खुद्द चीनमध्येही झाला.

मूळ माणसं दोन, दोघीही अठराव्या शतकातल्या चीनच्या छिंग राजवटीतल्या. एक, वेई घराण्यातली लिंग उपराणी. साध्या सेवक कुळातून आलेली, सम्राटाची लाडकी, आणि पुढच्या च्याचिंग सम्राटाची आई. दुसरी, नारा कुळातली सम्राज्ञी, चिएनलुंगची दुसरी पट्टराणी. १७६५मध्ये सम्राटाच्या दक्षिण दौऱ्यात हांगचौला काहीतरी घडलं आणि तिला तडकाफडकी राजधानीला परत धाडण्यात आलं. तिच्या पदव्यांची कागदपत्रं काढून घेतली. पुढच्या वर्षी ती वारली तेव्हा तिला सम्राज्ञीचा मान मिळाला नाही, दुसऱ्या एका उपराणीच्या थडग्यात जागा दिली गेली. तिने स्वतःचे केस कापले होते, असं सम्राटाने पुढे सांगितलं. छिंग राजघराणं मांचू वंशाचं. मांचू रिवाजात बाई केस कापते ती पतीच्या किंवा सासूच्या मृत्यूनंतरच्या सुतकात. पती जिवंत असताना कापणं म्हणजे तो आपल्यापुरता मेला असं जाहीर करण्यासारखं.

तिने असं का केलं, हे कागदपत्रांत नाही. ती पोकळी हाच दोन्ही मालिकांचा कच्चा माल. 'यान्शी'ने कष्टाने वर आलेल्या दासीची बाजू घेतली, म्हणून सम्राज्ञी कपटी ठरली. 'रुयी'ने सम्राज्ञीच्या बाजूने तरुणपणीच्या प्रेमाचा हळूहळू झालेला ऱ्हास सांगितला, म्हणून लाडकी उपराणी कारस्थानी ठरली. दोन्ही बाजू रचलेल्या आहेत. घटना खरी, कारण काल्पनिक.

आमचं मत विचाराल तर 'यान्शी' बघायला जास्त मजेदार, 'रुयी' जास्त खरी. 'यान्शी'त नायिकेच्या प्रत्येक अपमानाची तीन-चार भागांत वसुली होते, त्यामुळे थांबवतच नाही. 'रुयी'त लग्न मोडतं कसं हे दाखवायला ८७ भाग घेतलेत आणि मधले पंचवीसेक भाग जड जातात, पण केस कापण्याच्या प्रसंगाला पोहोचेपर्यंत तो अटळ वाटू लागतो. आधी 'यान्शी' बघा. उलट क्रमाने पाहिल्यास 'यान्शी'ची नायिका मनाला पटत नाही.

प्रश्न : एकाच बाईला दर दहा भागांनी वेगळ्या नावाने हाक मारतात. लक्षात ठेवायचं कसं?

नाव बदलत नाही, पद बदलतं. छिंग राजवाड्याची उतरंड पाठ करून ठेवली की निम्मा गोंधळ मिटतो : सम्राज्ञी एक, हुआंग-क्वेइफेइ एक, क्वेइफेइ दोन, फेइ चार, पिन सहा, आणि त्याखाली क्वेइरेन, छांगत्साय, ताइंग, यांच्या संख्येला मर्यादा नाही. वरच्या जागा मोजक्या आहेत, म्हणूनच एक जण मेली की दुसरीला बढती मिळते. निम्मी कारस्थानं या गणितातून जन्माला येतात.

पदाच्या आधी लागतो तो मानाचा शब्द. 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'ची झेन ह्वान आधी वान छांगत्साय, मग वान क्वेइरेन, वान पिन, मठात गेल्यावर मोचौ, परतल्यावर शी फेइ, शी क्वेइफेइ आणि शेवटी राजमाता. 'वान'चा 'शी' होतो तिथे तिचं मागचं आयुष्य पुसलं गेलंय, हे कथानकात महत्त्वाचं आहे. सोपा उपाय : पहिल्या दहा भागांपर्यंत कागदावर फक्त महालांची नावं लिहा आणि कोण कुठे राहते ते नोंदवा. पद बदलतं, महाल सहसा टिकतो. आणि ज्या महालात मुख्य स्वामिनी एक आणि तिच्या हाताखाली दुय्यम दोन-तीन जणी राहतात, तिथे पुढे भांडण होणार हे गृहीत धरा.

प्रश्न : चिनी मालिकांत ओठ आणि आवाज जुळत नाहीत. मी मूळ भाषेतच बघते, तरीही. माझ्या उपकरणात दोष आहे का?

दोष उपकरणात नाही. चिनी ऐतिहासिक मालिकांत मूळ आवाजही बऱ्याचदा नंतर स्टुडिओत भरलेला असतो, आणि तोही दुसऱ्याच कलाकाराचा. कारणं व्यवहारी आहेत. चच्यांग प्रांतातल्या हंगत्येन चित्रनगरीत (१९९६मध्ये सुरू झालेली, निषिद्ध नगरीची, म्हणजे बीजिंगमधल्या सम्राटाच्या राजवाड्याची, जवळपास मूळ आकाराची प्रतिकृती असलेली) एकाच वेळी अनेक मालिकांचं चित्रीकरण चालू असतं, शिवाय पर्यटकांची ये-जा. त्या गोंगाटात ध्वनिमुद्रण साधत नाही. दुसरं, तैवान, हाँगकाँग आणि वेगवेगळ्या प्रांतांतल्या कलाकारांचे उच्चार वेगळे. राजदरबारात सगळे एकाच प्रमाण बोलीत बोलायला हवेत, म्हणून व्यावसायिक आवाज वापरतात. 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'मध्ये नायिका झालेल्या सुन लीच्या तोंडी आवाज ची क्वानलिन या आवाज-कलाकाराचा आहे, आणि तो इतका बेमालूम बसलाय की अनेकांना कळतही नाही.

उलट 'रुयी'मध्ये नायिका झालेल्या चौ शुनने स्वतःचा आवाज दिला आणि तिथे तक्रारी झाल्या : पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या प्रसंगात तो भारदस्त आवाज खटकतो. पण उत्तरार्धात तोच आवाज मालिकेला तारून नेतो. आमची पसंती स्वतःच्या आवाजालाच आहे. वाक्य अडखळतं, श्वास लागतो, ते स्टुडिओतल्या स्वच्छ आवाजात हरवतं.

प्रश्न : मालिका मध्यावर येऊन रेंगाळतात. पळवत बघावं लागतं. हे असं का होतं?

चिनी मालिकांचं कारण बरंचसं पैशाचं. तिथे मालिका वाहिन्यांना आणि संकेतस्थळांना भागाच्या हिशेबाने विकल्या जातात. जितके भाग तितकी किंमत. साहजिकच तीस भागांची गोष्ट साठ भागांत ताणली जाते. हे इतकं वाढलं की २०२०मध्ये तिथल्या प्रसारण खात्याने मालिका चाळीस भागांच्या आत ठेवण्याची आणि तीसच्या आतल्यांना उत्तेजन देण्याची सूचना काढली. २०२२ची 'अ ड्रीम ऑफ स्प्लेंडर' किंवा २०२४ची 'द डबल' बरोबर चाळीस भागांच्या दिसतात, त्यामागे हे आहे.

कोरियात पूर्वी रोग वेगळा होता. आठवड्याला दोन भाग प्रसारित होत असताना पुढचे भाग लिहिणं आणि चित्रित करणं चालूच असायचं. मालिका गाजली की भाग वाढवायचे. शेवटच्या आठवड्यात संहिता ऐन वेळी हातात पडायची. अलीकडे बरंच काम आधी पूर्ण होतं, तरी बाराव्या ते चौदाव्या भागातला सांधा अजून निखळतो. कारण लेखनाचं आहे. दोघांचं प्रेम जुळेपर्यंत नियम त्यांच्या आड असतो. जुळल्यानंतर लेखकाला नवा अडथळा हवा, आणि तो नियमातून काढायला डोकं लागतं. मग स्मृतिभ्रंश, 'तुझ्या भल्यासाठी मी तुला सोडतोय', किंवा अचानक उगवलेली वाग्दत्त वधू. आमच्या कसोटीचा तिसरा प्रश्न, नियम मोडल्याची शिक्षा काय, इथे पुन्हा विचारा. शिक्षा आधीपासून सांगितलेली असेल आणि आता खरोखर भोगावी लागत असेल तर रेंगाळणं जाणवत नाही.

हा सांधा उत्तम जमलेलं उदाहरण म्हणजे 'माय डिअरेस्ट' (२०२३, २१ भाग). १६३६च्या हिवाळ्यात छिंग फौजा जोसॉनवर चालून येतात, इंजो राजा नामहान किल्ल्यात कोंडला जातो आणि १६३७च्या सुरुवातीला शरण जातो. हजारो माणसं छिंगांच्या तेव्हाच्या राजधानीत, शेनयांगला, गुलाम म्हणून नेली जातात. पूर्वार्धात नायक-नायिकेची ताटातूट युद्धामुळे होते. उत्तरार्धात अडथळा त्याहून भयंकर : सुटून घरी आलेल्या बायकांना घरच्यांनीच नाकारणं. हे घडलेलं आहे. १६३८मध्ये जांग यू या मंत्र्याने, सून कैदेतून परतली म्हणून मुलाला घटस्फोट मिळावा असा अर्ज केला होता. लेखकाने कृत्रिम काही आणलंच नाही, इतिहासातून पुढचा नियम उचलला.

प्रश्न : मुलगी पुरुषवेशात वावरते आणि कुणालाच कळत नाही. हे किती दिवस सहन करायचं?

वेश हा संकेत आहे, नाटकात पडदा असतो तसा. तो मान्य करून बघायचं. तरी जोसॉन काळात वेशांतराला एक आधार होता, तो म्हणजे माणूस कपड्यांवरून आणि केसांवरून ओळखला जाई. अविवाहित मुला-मुलीची वेणी, विवाहित पुरुषाचा डोक्यावर घट्ट बांधलेला बुचडा, कपाळावर घोड्याच्या केसांची पट्टी, वर रुंद काठाची काळी टोपी, विवाहित स्त्रीचा मानेवर अंबाडा आणि त्यात आडवी सळई. ज्याने बुचडा बांधून विद्वानाचा झगा घातला तो पुरुषच, हे गृहीत.

चांगली आणि वाईट मालिका वेगळी होते ती गुपित कोणाला, कधी कळतं यात. 'द किंग्ज अफेक्शन' (२०२१, २० भाग) बघा. जुळ्या भावाच्या मृत्यूनंतर मुलगी युवराज म्हणून वाढते, पुढे राजाही होते. इथे उघडं पडणं म्हणजे तिच्यासह गुपित राखणाऱ्या सगळ्यांचा मृत्यू. म्हणून तिच्या प्रेमात पडणाऱ्या गुरूच्या प्रत्येक नजरेत धोका आहे, आणि पाक अन-बिनने खांदे, चाल, आवाज यांवर घेतलेली मेहनत दिसते. या मालिकेला २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला तो योग्यच. 'लव्ह इन द मूनलाइट'मध्ये (२०१६, १८ भाग) नायिका खोजा बनून राजवाड्यात येते. पूर्वार्ध गोड आहे, पण गुपित फुटल्यावर परिणाम फार सौम्य होतात. त्यातला युवराज ज्याच्यावर बेतला तो ह्योम्यॉंग १८३०मध्ये, वयाच्या विशीत वारला. मालिकेने त्याला वाचवलं, आणि तिथे आमची मुळीच तक्रार नाही.

प्रश्न : नायक मनगट धरून ओढत नेतो, भिंतीशी अडवतो, आणि पार्श्वसंगीत रोमँटिक. मुलींनी यातून काय घ्यायचं?

तुमचा राग रास्त आहे. 'त्या काळी असंच होतं' हे समर्थन आम्हाला मान्य नाही. त्या काळी दासीला नाही म्हणता येत नसे, हे खरं. पण मालिका त्या असहायतेकडे कुणाच्या डोळ्यांनी बघते, हा आजच्या लेखकाचा आणि दिग्दर्शकाचा निर्णय असतो. कॅमेरा ओढणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे की ओढल्या जाणाऱ्याच्या? पुढच्या प्रसंगात तिच्या रागाला जागा मिळते का? 'रेड स्लीव्ह'मध्ये राजा अधिकार गाजवतो तेव्हा मालिका त्याला चुकीचं ठरवते. 'मिंगलान'मध्ये नायक लग्नासाठी डाव रचतो, पण नंतर नायिका त्याचा स्पष्ट जाब विचारते, आणि त्यांचा संसार त्या जाबावर उभा राहतो.

२०१०-१२च्या आसपासच्या मालिकांत मनगट धरणं फार, अलीकडे बरंच कमी. वाढत्या वयाच्या मुलींबरोबर बघत असाल तर नव्या मालिकांपासून सुरुवात करा, जुन्या नंतर घ्या, आणि तसा प्रसंग आला की तिथेच थांबवून बोला.

प्रश्न : 'स्कार्लेट हार्ट'ची चिनी आवृत्ती बघावी की कोरियन?

(शेवटाचा उल्लेख आहे.) दोन्ही, पण आधी चिनी. २०११ची, ३५ भागांची. आजची मुलगी छिंग राजवटीतल्या खांगशी सम्राटाच्या काळात जाऊन पडते, त्याचे मुलगे गादीसाठी झुंजत आहेत, आणि चौथा मुलगा जिंकणार हे तिला शाळेतल्या इतिहासामुळे ठाऊक आहे. सगळी गोष्ट या माहितीवर चालते. ती आठव्या राजपुत्राला वाचवायला जाते आणि तिच्याच शब्दांमुळे तो संकटात सापडतो.

कोरियन आवृत्ती (२०१६, २० भाग) दहाव्या शतकातल्या गोर्यो राज्यात (जोसॉनच्या आधीचं कोरियन राज्य) नेली. चौथा राजपुत्र वांग सो, पुढचा ग्वांगजोंग राजा, गादीवर ९४९ ते ९७५. हा काळ जोसॉनइतका तपशिलाने नोंदलेला नाही, म्हणून लेखकाला मोकळीक मिळाली. पण नायिकेला इतिहास फारसा माहीत नसल्याने मूळ कथेचं यंत्रच ढिलं पडलं. ती पुढचं जाणून धडपडत नाही, फक्त तिच्यावर गोष्टी येऊन आदळतात. पंधरा भागांचा मजकूर कमी केल्याने उत्तरार्धातले काही वियोग पायरी चुकल्यासारखे येतात. तरीही नायक-नायिका झालेल्या ली जून-गी आणि आययूचे प्रसंग मनात घर करतात. दोन्हीकडे शेवट दुःखाचा. ताटातूट होते ती राजा झालेल्या माणसाला सगळ्यांवर संशय घ्यावाच लागतो म्हणून, आणि हे चिनी आवृत्तीत जास्त पटतं.

जाता जाता : चीनच्या प्रसारण खात्याने २०११मध्ये काळप्रवासाच्या मालिकांवर इतिहासाची हेळसांड म्हणून टीका केली. त्यानंतर स्वप्न, खेळ किंवा संहितेत शिरण्याच्या युक्त्या वाढल्या. २०२०ची 'द रोमान्स ऑफ टायगर अँड रोझ' (२४ भाग) त्यांतली सर्वांत चतुर : लेखिका स्वतःच्याच संहितेत अडकते, आणि तेही तिसऱ्या भागात मरणाऱ्या पात्राच्या जागी. थायलंडमध्ये असलं बंधन नाही. २०१८ची 'लव्ह डेस्टिनी' आजच्या मुलीला सरळ नाराय राजाच्या अयुत्थयात, म्हणजे सयामच्या जुन्या राजधानीत, नेते, आणि फ्रान्सला गेलेली १६८६ची वकिलात कथेत सहज गुंफते. ती लागली तेव्हा लोक जुने पोशाख घालून अयुत्थयाच्या वाट चायवत्थनाराम मंदिरात गर्दी करत होते.

प्रश्न : इतिहासात एवढी-तेवढी चूक झाली तर कोरियन लोक मालिका बंद पाडतात म्हणे. खरं आहे?

एकदा खरोखर पडली. २०२१मध्ये 'जोसॉन एक्सॉर्सिस्ट' दोन भागांनंतर रद्द झाली. जोसॉनच्या दृश्यात चिनी पद्धतीचे खाद्यपदार्थ आणि सजावट दिसल्याने जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं. 'मिस्टर क्वीन'मध्ये (२०२०-२१) एक पात्र जोसॉनच्या राजबखरींना सवंग अफवांचा कागद म्हणतं, त्यावरूनही गदारोळ झाला, आणि वंशजांच्या आक्षेपामुळे दोन घराण्यांची नावं बदलावी लागली.

राग समजून घ्यायचा तर त्या बखरी काय आहेत ते माहीत हवं. १८९३ खंड, ४७२ वर्षांच्या नोंदी, १९९७पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत. रोजनिशी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची टिपणं राजालाही वाचायची मुभा नव्हती. १४०४मध्ये थेजोंग राजा शिकारीत घोड्यावरून पडला आणि 'हे बखरकाराला कळू देऊ नका' म्हणाला. बखरीत पडण्याची नोंद आहे, आणि त्या वाक्याचीही.

म्हणून शहाणे निर्माते काल्पनिक राजा उभा करतात. २०१२ची प्रचंड गाजलेली 'मून एम्ब्रेसिंग द सन' तशीच, त्यातला राजा इतिहासात नाही, पण दरबाराचे नियम जोसॉनचेच.

प्रश्न : पोशाख-केशभूषेतल्या चुका ओळखायच्या झाल्या तर कुठे बघावं?

डोक्याकडे. छिंग काळातल्या पुरुषांचं पुढचं अर्धं डोकं भादरलेलं आणि मागे जाड वेणी दिसते, ती शैली त्या राजवटीच्या शेवटच्या काळाची. सुरुवातीच्या छिंग काळात जवळजवळ सगळं डोकं भादरून मागे उंदराच्या शेपटीएवढी बारीक वेणी ठेवत. नायक तसा दाखवायला कुणी धजत नाही. मांचू बायकांच्या डोक्यावरचा मोठा आडवा पंखाही उशिराचा. कानाला मात्र बघा : मांचू बाईच्या प्रत्येक कानात तीन डूल हवेत. 'यान्शी'ने ते दाखवले.

जोसॉनमध्ये बायकांचे भलेमोठे खोट्या केसांचे मुकुट दिसले तर साल तपासा. यॉंगजो राजाने १७५६मध्ये आणि त्याच्यानंतरच्या जोंगजोने १७८८मध्ये त्यांवर बंदी घातली होती. राजाच्या लाल झग्यावरच्या वर्तुळातल्या ड्रॅगनला पाच नखं, युवराजाच्या चार. पिवळा झगा १८९७च्या आधी कोरियन राजाच्या अंगावर दिसला तर ती चूक, कारण तो सम्राटाचा रंग. आणि लाडक्या उपपत्नीला सरळ पट्टराणी केलेलं दिसलं तर १७०१नंतरच्या कथेत ते चालत नाही : उपपत्नीची राणी झालेल्या जांग ही-बिनच्या प्रकरणानंतर सुकजोंग राजाने उपपत्नीने राणी होण्याला कायमची मनाई केली. झग्याची चूक आम्ही माफ करतो. ही नाही, कारण या एका मनाईवर पुढच्या दोनशे वर्षांच्या सगळ्या प्रेमकथांचा पेच अवलंबून आहे.